पहिल्या दिवशी कोण घेऊन गेलं?

(कोपरखैरणे, नवी मुंबई येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत निवृत्त शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी तेहेतीस वर्षं इथल्या एका मराठी शाळेत शिकवलं. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर माझी ड्यूटी असायची. पालक अर्ज घेऊन यायचे, पुष्कळांना लिहिता यायचं नाही, मग ते सांगायचे आणि मी भरायची. मुलाचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, आणि खाली एक रकाना: पालकाचा व्यवसाय. दोन बोटांएवढी जागा. आज मी त्या दोन बोटांएवढ्या जागेबद्दल बोलणार आहे.

१९९६ सालचा जून. त्याच वर्षी फळांचं आणि भाजीपाल्याचं मार्केट मुंबईहून तुर्भ्याला आलं होतं. कांदा-बटाटा त्याआधीच, १९८१ मध्ये आला होता, धान्य आणि मसाला नव्वदीच्या सुरुवातीला. शेवटी फळं-भाजीपाला आला आणि आमच्या वर्गांत एकदम सातारा-सांगलीकडची मुलं वाढली. एक गृहस्थ सकाळी दहाला आले. रात्रभर गाड्या खाली करून तसेच आले होते. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "नको बाई, कपडे खराब आहेत." उभेच राहिले. मी विचारलं, काय करता? म्हणाले, "मार्केटला असतो." मी रकान्यात लिहिलं: मजुरी.

त्यांनी अर्ज उलट्या बाजूने वाचला. "बाई, मजुरी नका लिहू. माथाडी लिहा." आणि वरच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं ओळखपत्र काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. माथाडी बोर्डाचं. माथाडी म्हणजे डोक्या-पाठीवरून ओझी वाहणारा कामगार. ते वाकले तेव्हा मला त्यांच्या मानेमागची कातडी दिसली. पोतं जिथे टेकतं तिथे ती जाड, काळपट झाली होती, टाचेसारखी.

मी शब्द खोडून दुसरा लिहिला. तेव्हा मला वाटलं, मानाचा प्रश्न आहे. तो होताच, पण त्यात आणखी काय होतं ते पुढे कळलं, आणि ते मला शिक्षक असून माहीत नव्हतं याची खंत आजही आहे.

मस्जिद बंदरला, गोदीत, रेल्वेच्या मालधक्क्यावर पिढ्यानपिढ्या माणसं ओझी वाहत होती. त्यांना मालक नव्हता. म्हणजे माल होता, माल सोडवणारा व्यापारी होता, पण "हा माझा कामगार" असं म्हणणारं कुणी नव्हतं. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. पाठ मोडली तर घरी जा. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्यातली कल्पना फार विचारपूर्वक केलेली आहे. मालक एक नसला तरी बोर्ड एक असेल. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, बोर्डात भरायची. बोर्ड कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार बघणार. हमालाला भविष्य निर्वाह निधीची गोष्ट बोलता येईल असं त्याआधी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कोपरखैरण्यातल्या आणि घणसोलीतल्या माथाडी वसाहती ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. 'मजुरी' लिहिलं असतं तर ते सगळं त्या रकान्यातून गळून पडलं असतं.

त्या दिवसापासून मी लिहिण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला लागले, आणि पुढे नववीच्या मुलांना दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत तोच अभ्यास द्यायला लागले. आईवडिलांना विचारून या: पहिल्या दिवशी तुम्हाला कामावर कोण घेऊन गेलं? एवढंच. एक पान लिहून आणायचं.

ती पानं मी वर्षानुवर्षं वाचली. पेपरातली जाहिरात बघून कामाला लागलेले वडील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. बाकी सगळीकडे माणूस. मेव्हणा. चुलत भाऊ. गावचा कुणीतरी, जो गणपतीला आला होता आणि जाताना म्हणाला, चल. पाटण तालुक्यातला एक मुलगा दहावी नापास होतो, मेव्हण्याबरोबर रात्रीच्या एस.टी.ने येतो, गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपतो. हमालांच्या टोळीत कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी काम करतो. मुकादम दोन-तीन महिने बघतो, टिकतोय का पळतोय. मग कधीतरी टोळीत नाव लागतं. आपण मुलांना करिअर मार्गदर्शन करतो तेव्हा कोर्सची यादी देतो, मार्कांची यादी देतो. कुणाच्या मेव्हण्याचा उल्लेख त्यात नसतो. पण आपल्या या शहरातली अर्धी पोटं मेव्हण्याने लावली आहेत.

आता इथल्या मूळच्या लोकांकडे येते, कारण त्यांचं उत्तर निराळं होतं. आपण ज्या जमिनीवर बसलोय ती आगरी-कोळ्यांची. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० मध्ये स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी पंचाण्णव गावांची जमीन घ्यायचं ठरलं. त्याआधी इथे वर्षाचे दोन भाग असत. पावसात भात, आणि पाऊस सरला की मिठागर. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं, तळाशी मीठ धरलं की ते ओढून काठावर ढीग लावायचे. मे महिन्यात ते मीठ खांद्यावर वाहायचं, आणि पहिल्या सरीच्या आधी सगळं झाकायचं. आगरी हा शब्दच आगरातून, मिठागरातून आला असं मानतात. मधल्या काळात खाडीत जाळं टाकायचं, चिंबोऱ्या पकडायच्या. ही कामं त्यांना कुणी नेऊन शिकवली नाहीत. बापामागून बांधावर चालत गेलं की झालं.

माझ्या एका विद्यार्थिनीचे आजोबा तिच्या प्रवेशाला आले होते. व्यवसाय विचारल्यावर म्हणाले, शेती. जमीन संपादन होऊन वीस वर्षं झाली होती. मी पेन हातात धरून थांबले. त्यांना माझं थांबणं कळलं. शांतपणे म्हणाले, "शेतीच लिवा बाई." मी शेतीच लिहिलं, आणि तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. प्रकल्पग्रस्ताचा दाखला जमीन गेली म्हणून मिळतो. पुढच्या पिढीची नोकरीतली जागा, भूखंडाचा हक्क, सगळं त्या एका ओळखीवर उभं होतं.

त्या हक्कासाठी माणसं मेली आहेत. १६ आणि १७ जानेवारी १९८४, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं उरणजवळच्या जासईचं शेतकऱ्यांचं आंदोलन, पोलिसांचा गोळीबार, पाच हुतात्मे. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. तुम्ही विचाराल, व्यवसायाच्या गोष्टीत गोळीबार कशाला? कारण माझ्या नववीच्या वह्यांत तो होता. एका मुलाने लिहिलं होतं, बाबांना साडेबारा टक्क्यांत प्लॉट मिळाला, तो बिल्डरला दिला, आलेल्या पैशात दोन ट्रक घेतले आणि रेती-खडी-विटांचा सप्लाय सुरू केला. दुसरीने लिहिलं होतं, आमच्या घरामागे सहा खोल्या काढल्या, त्यांच्या भाड्यावर आमचं चालतं. त्या सहा खोल्यांत राहणारी मुलंही माझ्याच वर्गात होती. एकाचे वडील माथाडी, एकाचे कंपनीत, एकाची आई घरकाम करणारी. गावाच्या मूळ मालकाचा व्यवसाय आता त्या भाडेकरूंच्या पगारावर चालत होता, आणि त्या सगळ्यांना मुंबईपेक्षा स्वस्त छप्पर त्याच्यामुळे मिळालं होतं.

कंपनीवाल्यांबद्दल थोडक्यात सांगते. एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, सुरुवात १९६२ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाली, पाठोपाठ दिघ्यापासून तुर्भ्याच्या पुढपर्यंत ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरला. तिथे जायचा रस्ता आयटीआयमधून होता. फिटर, टर्नर, मशिनिस्ट. नंतर नंतर अर्जांवर 'कंपनीत नोकरी' कमी झालं आणि 'रिक्षाचालक' वाढलं. व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली, रिक्षा घेतली. एका घरात मोठ्या मुलाच्या अर्जावर वडील ऑपरेटर, धाकटीच्या अर्जावर तेच वडील सिक्युरिटी गार्ड. दोन अर्जांमध्ये पाच वर्षं. त्या पाच वर्षांबद्दल विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि मग नाका. इथे मला थांबायचं आहे.

मराठवाड्यातली माणसं इथे बांधकामांवर आली. सकाळी सातला चौकात उभी राहतात. हातात थापी असेल तर मिस्त्री, रिकामा हात असेल तर बिगारी. माझ्या वर्गातल्या एका मुलाने त्या अभ्यासाच्या पानावर एकच ओळ लिहून आणली होती. "बाबांना कुणी नेलं नाही. ते नाक्यावर उभे राहिले." मी त्याला रागावणार होते, एक पान सांगितलं होतं म्हणून. पण वाचल्यावर कळलं, उत्तर पूर्ण होतं.

ओळखीने दार उघडतं, तसंच ते बंदही राहतं. टोळीत साताऱ्याचा माणूस साताऱ्याच्याच माणसाला आणणार, हे साहजिक आहे. पण ज्याच्या गावचं, ज्याच्या जातीचं आत कुणीच नाही त्याने काय करायचं? मेव्हण्याचं कौतुक मी मघाशी केलं आणि ते मनापासून केलं, पण ज्याला मेव्हणा नाही त्याच्यासाठी कायदा लागतो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्राने कायदा केला, मंडळ आहे, मुलांना शिष्यवृत्त्या आहेत. पण नोंदणीला वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जो रोज वेगळ्या ठेकेदाराबरोबर टेम्पोत चढतो त्याला दाखला कोण देणार? या एका कागदासाठी मी आणि शाळेतल्या दोन सहकाऱ्यांनी पालकांबरोबर किती खेपा घातल्या! ज्याने माथाडी कायदा वाचला आहे त्याला उत्तर माहीत आहे. मालक रोज बदलत असेल तर हिशोब बोर्डाने ठेवायचा. हे आपल्याच राज्यात, आपल्याच बाजारात करून दाखवलेलं आहे.

आता शेवटचा भाग, तो रकान्यातल्या रिकाम्या जागेचा आहे. पुढे अर्जात आईचा व्यवसायही विचारायला लागले. तिथे बहुतेक बायका म्हणायच्या, "काही नाही लिहा." आम्ही गृहिणी लिहायचो. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, त्यानंतर ऐरोलीकडच्या आयटी पार्कांत हाऊसकीपिंगला जाणाऱ्या आया वाढल्या. त्या मात्र छातीवरचं कार्ड दाखवून 'नोकरी' लिहायला सांगत. पाच घरी पोळ्या करणारी, रात्री मसाल्याच्या गाळ्यावर मिरच्यांचे देठ काढणारी, ती अजून "काही नाही"च होती.

अशाच एका आईकडे मी निवृत्तीनंतर जेवायला गेले होते. तिची मुलगी माझी विद्यार्थिनी, डी.फार्म. करून आता इथल्याच एका औषधाच्या कंपनीत आहे. प्रवेशाच्या वेळी या बाई "काही नाही लिहा" म्हणाल्या होत्या, ते मला चांगलं आठवत होतं. घरात शिरले तर ओट्यावर स्टीलचे डबे रांगेत. भाकऱ्यांची चळत. म्हटलं, हे कधी सुरू केलं? म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून. सासूबाईंची खानावळ होती, मस्जिद बंदरला. मार्केट इकडं आलं, तशी खानावळ पण आली."

म्हणजे मी "गृहिणी" लिहिलं त्या दिवशी या बाई वीस-बावीस माणसांना दोन वेळ जेवायला घालत होत्या.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मला कोण नेणार, माझ्याकडेच सगळे यायचे. गावाकडून नवीन पोरगा आला की त्याला आधी खानावळीत आणून बसवायचे. पगार सुरू होईपर्यंत जेवण उधार. वहीत नाव लिहायचं. दोन महिने, कधी चार. काही पोरं न सांगता परत गेली, ते पैसे बुडाले. बाकीच्यांनी नाव लागल्यावर पहिल्या पगारात फेडले.

"किती जण असतील असे?" मी विचारलं.

त्यांनी हातातलं पीठ पुसलं आणि बोटांवर मोजायला लागल्या. माणसांची नावं घेत नव्हत्या, गावांची घेत होत्या. ढेबेवाडीचे तीन. तारळ्याचे दोघं भाऊ. शिराळ्याचा एक, तो आता मुकादम आहे. जुन्नरकडचे चार. मुलगी आतून म्हणाली, आई, कोयनेचे राहिले. "हां, कोयनेचे," असं म्हणून त्यांनी दुसरा हात पुढे घेतला.