घामाचा भाव

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबरातली पहाट, पावणेसहाची वेळ. नागपुरात वर्धा रस्त्यावरच्या एका गाड्यापाशी आम्ही तिघं तर्री पोहे खात उभे होतो. मी, माझी मैत्रीण आणि तिचा पंचविशीतला पुतण्या. तिघांच्या सायकली गाड्याच्या चाकाला टेकवलेल्या. रात्र काही फार सुखाची गेली नव्हती. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू असल्यामुळे गावातल्या सगळ्या लॉजना "फुल्ल"चे फलक लागलेले. शेवटी ओळखीतल्या ओळखीत एका घरी हॉलमध्ये सतरंजी मिळाली होती. तर्रीने डोळ्यांत पाणी आणलं आणि झोप पुरती उडाली.

श्रीनगरहून निघून आम्हाला चोविसावा दिवस होता. जायचं होतं कन्याकुमारीला. हा सगळा रस्ता एकच आहे, राष्ट्रीय महामार्ग 44, देशातला सर्वांत लांब. सुमारे 3,700 किलोमीटर. नागपूरच्या पुढे अजूनही पुष्कळ लोक त्याला "सात नंबर"च म्हणतात. 2010 साली क्रमांक बदलले, पण ट्रक ड्रायव्हरांच्या तोंडी जुनाच राहिला. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं ठरवण्यामागे शौर्यबिर्य काही नव्हतं. थंडीच्या दिवसांत वारा बराचसा पाठीवर राहतो, एवढंच कारण. पन्नाशीनंतर माणूस वाऱ्याशी भांडण उकरून काढत नाही.

आता हे कशासाठी, ते सांगते. खेड्यातल्या ज्या मुलींची शाळा पाच-सात किलोमीटरवर आहे, त्यांना सायकली घेऊन द्यायच्या होत्या. पैसे उभे करण्याची पद्धत अशी की, आमच्या ओळखीच्या 62 जणांनी आमच्या प्रत्येक किलोमीटरमागे काही रक्कम कबूल केली होती. कुणी आठ आणे, कुणी पाच रुपये. सगळे मिळून किलोमीटरला 136 रुपये. कन्याकुमारी गाठली की पाच लाख होतात. पाच हजाराची एक सायकल धरली तर शंभर सायकली. हा हिशेब आम्हाला पाठ झाला होता. चढावर दम लागला की पुतण्या मागून ओरडायचा, "काकू, अजून सदतीस किलोमीटर, म्हणजे एक सायकल!"

त्या दिवशी पांढरकवड्यापर्यंत जायचं होतं, सुमारे दीडशे किलोमीटर. बुटीबोरीपर्यंत कंपन्यांच्या बसगाड्या आणि धूर. जांबला चहा. हिंगणघाटला संत्री घेतली, बाजूला उभं राहून सोलली आणि बोटं चिकट घेऊनच पुढे निघालो. एव्हाना दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली होती. कापूस फुटलेला, मधूनमधून तुरीच्या पिवळ्या ओळी. वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. पूल मागे पडला आणि थोड्याच वेळात माझं मागचं चाक बसलं.

महामार्गावर सायकल पंक्चर होते ती बहुधा खिळ्याने नाही. ट्रकचं टायर फुटतं तेव्हा त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे रस्त्याच्या कडेला विखरून पडतात. सायकलवाल्याचा मार्ग नेमका ती कडच. तार टायरमध्ये इतकी बारीक घुसते की डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवावं तेव्हा टोचते. ती चिमट्याने उपटून काढली नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते. हे ज्ञान मला पंजाबात एका दुपारी तीन ट्यूब गमावून मिळालं आहे. शिवाय आमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, परदेशी धाटणीचा. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीला तो बसत नाही, म्हणून पंप आपलाच लागतो. बाभळीच्या सावलीत चाक उघडून बसलो.

बाजूच्या शेतात बायका कापूस वेचत होत्या. जेवायची सुट्टी झाली तशा चार-पाच जणी बांधावर आल्या आणि आमच्याभोवती उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका मावशींच्या कमरेला अर्धी भरलेली झोळी होती. बोटांच्या शेंड्यांना बारीक चिरा. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात.

"कुटून आल्या बाई?"

"काश्मीरहून."

"सायकलनं? अन् कायले?"

मी सगळं समजावून सांगितलं. किलोमीटर, 136 रुपये, शंभर सायकली. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग एवढे पैसे हायेत त सायकलीच घेऊन द्या ना पोरींले. हे तंगडतोड कायले?"

बाकीच्या हसल्या. मीही हसले, पण उत्तर मला सुचलं नाही. मी म्हटलं, "मावशी, नुसते मागितले तर लोक देत नाहीत." ते खोटं नव्हतं. आदल्या वर्षी आमच्याच सोसायटीत याच कामासाठी पेटी फिरवली होती, तेव्हा 1,100 रुपये जमले होते. सायकल चालवणार म्हटल्यावर तीच माणसं पुढे आली. समोरच्याचा घाम गळणार याची खात्री झाली की पाकीट उघडतं. हे असं का, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

"घामाचे पैसे देतात ते," मी म्हटलं.

"घाम त आमालेबी येते बाई," मावशी म्हणाल्या. "पन आमाले घामाचे कोनी देत नाई. कापसाचे देते."

वेचणीचा भाव किलोला दहा रुपये. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, हात बसलेला असला तर चाळीस किलो. संध्याकाळी काट्यावर वजन आणि तिथेच हिशेब. कापसात ओल असेल तर वजन वाढतं, म्हणून मालक सकाळी दव सुकल्याशिवाय शेतात शिरू देत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. निघताना उकडलेल्या तुरीच्या शेंगा ओंजळभर दिल्या. पैसे देऊ केले तर रागावल्या.

पुढचे दोन तास आम्ही तिघंही फारसं बोललो नाही. माझ्या डोक्यात मात्र एक वेगळाच हिशेब सुरू झाला होता. खाण्याराहण्याचा खर्च आमचा आम्हीच करत होतो. माणशी दिवसाला दीड हजार, तिघं, चाळीस दिवस. एक लाख ऐंशी हजार. म्हणजे छत्तीस सायकली आम्ही वाटेतच खाऊन टाकणार होतो. मावशींचा प्रश्न चुकीचा नव्हता.

करंजी मागे पडली तेव्हा ऊन कललं होतं. पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचं अभयारण्य आहे, अंधारात सायकल चालवू नका, असं सगळ्यांनी बजावलं होतं. 2019 मध्ये याच टिपेश्वरातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, बाहेर पडला आणि तेलंगणात जाऊन, शेतं, रस्ते, नाले ओलांडत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत तीन हजारांवर किलोमीटर. आमच्या मोहिमेच्या जवळपास. त्याला मात्र कुणी किलोमीटरमागे काही कबूल केलं नव्हतं.

दिवस मावळता मावळता पांढरकवड्याच्या बसस्थानकासमोर पोचलो. मी सायकलवरचं अंतर मोजायचं यंत्र पाहिलं: 149.6. रोज रात्री 62 जणांना आकडा कळवायचा असे. पुतण्या म्हणाला, "काकू, दीडशे करून टाकतो," आणि मी काही बोलायच्या आत माझीच सायकल घेऊन बसस्थानकासमोर चकरा मारू लागला. चहावाला बघत राहिला.

चारशे मीटर, चोपन्न रुपये. मावशींच्या काट्यावर तो साडेपाच किलो कापूस, तासाभराची वेचणी. पुतण्याला दोन मिनिटं लागली.