पोप होण्याआधीचा मास्तर

मंडळी, 999 साली सिल्व्हेस्टर दुसरा या नावाने पोप झालेला जेर्बेर पुष्कळांना माहीत असतो. मला मात्र त्याआधीच्या जेर्बेरविषयी बोलायचं आहे, कारण माझ्या मते तो पोप म्हणून जितका मोठा होता, त्याहून मास्तर म्हणून मोठा होता.

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागातल्या ओरियाकच्या मठात तो लहानाचा मोठा झाला. घराणं सामान्य, जन्मसालही कुणी नोंदवून ठेवलं नाही. मठात व्याकरण पक्कं झालं, पण गणित शिकवणारं तिथे कुणी नव्हतं. 967च्या सुमारास बार्सिलोनाचा सरदार बोरेल मठात आला, तेव्हा मठाधिपतींनी हा हुशार पोरगा त्याच्या हवाली केला. ईशान्य स्पेनमधल्या कॅटलोनियात विक इथले बिशप अट्टो यांच्या हाताखाली तो गणित शिकला. पलीकडे कोर्दोबाचं अरबी राज्य होतं आणि तिथलं ज्ञान सीमेवरून झिरपत होतं. काही वर्षांनी, 976 साली, उत्तर स्पेनमधल्या एका मठातल्या भिक्षूंनी आपले भारतीय नऊ अंक हस्तलिखितात उतरवले आणि अंकगणितात हिंदी लोकांची बुद्धी सर्वांत सूक्ष्म असल्याचंही लिहून ठेवलं.

इकडे रोमला पोप आणि सम्राट ऑटो पहिला यांच्यावर जेर्बेरने छाप पाडली. सम्राटाच्या पदरी राहून गणित शिकवता आलं असतं. पण त्याला तर्कशास्त्र शिकायचं होतं, म्हणून 972च्या आसपास तो उत्तर फ्रान्समधल्या रॅन्सला गेला. शिकायला गेलेला हा तरुण थोड्याच काळात तिथल्या कॅथेड्रलच्या शाळेचा प्रमुख झाला.

त्याचं शिकवणं कसं होतं, हे त्याचा शिष्य रिशेर याने लिहून ठेवलंय. ढाली बनवणाऱ्या कारागिराकडून जेर्बेरने गणनेची एक पाटी करून घेतली. तिच्यावर सत्तावीस रकाने आणि सोबत शिंगाच्या एक हजार सोंगट्या, त्यांवर नऊ चिन्हं. 305 मांडायचे, तर शतकाच्या रकान्यात 3ची सोंगटी, एककाच्या रकान्यात 5ची, दशकाचा रकाना मोकळा. शून्याची गरजच पडत नसे. रोमन आकड्यांनी गुणाकार करताना घाम फुटणाऱ्या पोरांना स्थानमूल्य इथे डोळ्यांना दिसत होतं, बोटांना लागत होतं. खगोलासाठी त्याने लाकडाचा गोल घडवला. दुसऱ्या एका गोलात नळ्या बसवल्या होत्या. एका नळीतून ध्रुवतारा धरला की बाकीची दिशा आपोआप लागे. वक्तृत्व शिकवण्याआधी तो व्हर्जिल, होरेस असे कवी वाचून घेई. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो: आधी भाषेचा कान तयार करायचा, मग वाद घालायला शिकवायचं.

कीर्ती पसरली तसे स्पर्धकही निर्माण झाले. जर्मनीतल्या ऑट्रिक या नामांकित पंडिताने जेर्बेरच्या वर्गात आपला माणूस धाडला. त्या माणसाने शास्त्रांच्या वर्गीकरणाचा तक्ता चुकीचा उतरवून नेला. त्यात भौतिकशास्त्र गणिताची शाखा ठरलं होतं. ऑट्रिकने तो थेट नवा सम्राट ऑटो दुसरा याच्यापुढे ठेवला. 980च्या नाताळाच्या सुमारास इटलीतल्या राव्हेना इथे सम्राटासमोर दोघांचा वाद झाला. जवळजवळ दिवसभर चालला. श्रोते थकले, तेव्हा सम्राटानेच खूण करून तो थांबवला. जेर्बेरला भरपूर भेटी मिळाल्या आणि पुढे इटलीतल्याच बोब्बिओच्या मठाचं मठाधिपतीपदही. तिथे मठाच्या जमिनींवरून तंटे लागले. 983 साली सम्राट वारला, तसा जेर्बेर रॅन्सला परतला आणि पुन्हा शिकवू लागला.