काचेचा हार्डविक हॉल

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील एका टेकडीच्या माथ्यावर हार्डविक हॉल हा भव्य वाडा उभा आहे. दर्शनी बाजू पश्चिमेकडे असल्याने दिवस कलला की तिच्या काचा उजळून निघतात, आणि ‘हार्डविक हॉल, भिंतीपेक्षा काचच जास्त’ ही जुनी म्हण पटते.

काच महाग असण्याचा तो काळ होता. चौथ्या पतीच्या निधनाच्या वर्षी, १५९० मध्ये, काउंटेस एलिझाबेथ टॅलबट, म्हणजेच बेस ऑफ हार्डविक, हिने हे बांधकाम सुरू केले आणि १५९७ मध्ये ती येथे राहायला आली. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. सहाही मनोऱ्यांच्या कठड्यांवर दगडात कोरलेली तिची आद्याक्षरे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दुरूनही वाचता येतात. संकोच हा बेसचा स्वभाव नसावा.

खिडक्यांकडे खालून वर पाहावे. तळमजल्यावर, जेथे नोकरांचा वावर असे, त्या बेताच्या आहेत. कुटुंबाच्या मजल्यावर त्या वाढतात, आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी राखलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्या सर्वांत उंच होतात. म्हणजे आत कोणाचा मान किती, हे बाहेर उभ्या माणसालाही कळत असे. एवढी काच बसवताना बाहेरच्या भिंती कमजोर होऊ नयेत, म्हणून धुराडी आतल्या भिंतींमधून वर नेली आहेत. दर्शनी रांग मोडू नये यासाठी काही खिडक्या चक्क खोट्या ठेवल्या आहेत: बाहेरून काच, मागे भिंत.

आतला मुख्य दिवाणखानाही रूढी मोडतो. जुन्या इंग्रजी घरांत तो दर्शनी भिंतीला समांतर असे. येथे मात्र तो दारातून थेट घराच्या मध्यातून मागे जातो. तेथून निघालेला दगडी जिना वळणे घेत वर चढतो आणि भव्य स्वागतकक्षापाशी पोहोचतो. तेथे खाली ब्रसेल्सचे विणलेले भिंतपडदे आहेत, तर वर गिलाव्यात उठवलेले रंगीत अरण्य, त्यातील झाडे, हरणे आणि शिकारीची देवता डायना. शेजारचे लांबलचक दालन, म्हणजे लाँग गॅलरी, सुमारे ५० मीटरचे आहे.

हिवाळ्यात या काचांमधून थंडी आत शिरत असणारच. १६०१ मध्ये केलेल्या घरातील वस्तूंच्या यादीत बेसच्या शय्यागृहातील ब्लँकेटांबरोबर खिडकीसमोर टांगायच्या पांघरुणांचीही नोंद आहे.