अंडी फेब्रुवारीत, पाऊस जूनमध्ये

[दृश्य: बडोदा, काळा घोडा पूल. हिवाळ्यातली सकाळ, कठड्याशी उभी माणसं.]

"आजी, बघ ना, मगर तोंड उघडं टाकून बसलीय!"
"बसू दे. ऊन खातेय ती. तू वाकू नकोस."

हा संवाद या पुलावर थंडीत कुठल्याही सकाळी कानावर पडतो. एका बाजूला सयाजीबाग, म्हणजेच कमाटीबाग, खाली विश्वामित्री नदी. पाणी काळपट, झुडपांना प्लास्टिक लटकलेलं, वासाचं तर विचारूच नका. तरी 2025 च्या फेब्रुवारीत शहर आणि आसपासच्या पंचवीसेक किलोमीटरच्या पात्रात मोजणी झाली, तेव्हा 442 मगरी निघाल्या. दांडिया बाजारातली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या शेजाराला सरावलेली आहेत. पाहुणे आले की त्यांना कमाटीबाग दाखवायची आणि येता येता पुलावरून मगर, हा ठरलेला कार्यक्रम.

पाहुणे विचारतात, "चावतात का हो?" आपण आज वेगळं विचारू. पिल्लं कधी जन्माला घालायची, हे मगरीला कळतं कसं?

[दृश्य: काठाचा उतार. मातीत नखांचे ओरखडे.]

थंडीत नर-मादीचं जमतं. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठ चढते आणि मागच्या पायांनी माती उकरू लागते. बऱ्याचदा खड्डा अर्धवट टाकून देते आणि चार पावलांवर दुसरा घेते. जागा मनासारखी मिळाली की हातभर खोल खड्ड्यात साधारण पंचवीस-तीस अंडी घालते आणि माती लोटून तो बुजवते.

ही निवड नीट करावीच लागते, कारण नंतर काही बदलता येत नाही. पक्षी अंड्यांवर बसतो, उठतो, सावली धरतो. मगर घरट्याच्या आसपास राहून राखण करते खरी, पण ऊब द्यायची ती मातीने. घोरपडी, मुंगूस, कोल्हे, भटकी कुत्री टपलेली असतातच.

दोन महिने, कधी थोडे जास्त, अंडी मातीत राहतात. म्हणजे पिल्लं बाहेर येणार एप्रिलअखेर ते जून. फूटभरही लांब नसलेलं पिल्लू किडे, बेडकांची पिल्लं, छोटे मासे यांवर जगतं, आणि हा सगळा बाजार भरतो मृगाचा पाऊस पडल्यावर. पण तोच पाऊस अंडी मातीत असताना आला, तर नदी चढते आणि घरटं बुडतं. पाण्याखाली अंड्यातला जीव गुदमरतो. अंडी कोरडी राहायला हवीत आणि पिल्लांना पाणी मिळायला हवं. मधली फट काही आठवड्यांची.

आणि हा निर्णय घ्यायचा फेब्रुवारीत, जेव्हा पाऊस कधी येईल हे हवामान खात्यालाही सांगता येत नाही.

[दृश्य: पावसात भरलेलं शेत, पिवळेजर्द बेडूक.]

बैलबेडकाला ही चिंता नाही. पहिला दणका पाऊस झाला की नर पिवळेजर्द होतात, रात्रभर ओरडतात, आणि काम उरकतात. पाऊस दिसला, मग अंडी! मऊ पाठीच्या कासवाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या अंड्यातला गर्भ सुरुवातीलाच वाढ थांबवून महिनोन्‌महिने थबकून राहू शकतो. मगरीकडे यातलं काहीच नाही. तिला आधीच पैज लावावी लागते.

अशा प्राण्यांच्या हाताशी मुख्य खुणा दोन: दिवसाची लांबी आणि उष्णता. बडोद्यात डिसेंबरचा दिवस अकरा तासांपेक्षा लहान, जूनचा साडेतेरा तासांच्या आसपास. यात कधी फसवणूक होत नाही. उष्णता मात्र दरवर्षी वेगळी वागते. शेकडो पिढ्या या खुणा आणि पाऊस यांचं गणित जमत आलं. प्रश्न येतो तो खुणा आहेत तिथेच राहिल्या आणि पाऊस सरकला तर.

युरोपात हे झालेलं आहे. ग्रेट टिट नावाचा चिमणीएवढा पक्षी पिल्लांना सुरवंट भरवतो. नेदरलँड्सच्या होगे वेलुवेच्या जंगलात 1973 ते 1995 दरम्यान वसंत गरम होत गेला, सुरवंट लवकर येऊ लागले, पण अंड्यांची तारीख जागची हलली नाही. ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या जंगलात 1947 पासून याच पक्ष्याच्या नोंदी आहेत. तिथे मात्र अंडी दोनेक आठवड्यांनी अलीकडे आली. एकच जात, दोन जंगलं, दोन निकाल. म्हणून "प्राणी जुळवून घेतात हो" असं कुणी सरसकट म्हणालं की मला तरी धीर येत नाही.

मगरीच्या बाबतीत उष्णता आणखी एक गोष्ट ठरवते: पिल्लू नर की मादी. अंडी उबवून केलेल्या प्रयोगांत 31 अंश आणि त्याखाली सगळ्या माद्या निघाल्या, 32.5 च्या आसपास नर, आणि 33 ला नर-मादी दोन्ही. दीड अंशाचा फरक, आणि अख्खं घरटं नरांचं. माती तापली तर वाढही झपाट्याने होते, म्हणजे अंडी लवकर फुटतात. मादी थोडं सावरू शकते. सावलीची जागा निवडायची, उतार बदलायचा, जरा खोल उकरायचं. पण त्यासाठी मातीचा काठ शिल्लक हवा.

[दृश्य: पुराचं पाणी, रस्त्यावर पकडलेली मगर.]

31 जुलै 2019. बडोद्यात एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 26 फूट. मगरी सोसायट्यांच्या अंगणात आल्या, व्हिडिओ देशभर फिरले. पण तोवर त्या वर्षीची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडलेली होती. अंड्यांना खरा धोका मे महिन्यातल्या पाण्याचा. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर आदळलं, ऐन अंडी फुटण्याच्या हंगामात.

पुरानंतर 2025 च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचं पात्र रुंद आणि खोल करायचं काम सुरू झालं. शहराला ते हवंच होतं. ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं, त्यांना विचारा. पण यंत्रं काठावर उतरली ती नेमकी घरट्यांच्या महिन्यांत.

[दृश्य: जवळून. हातमोजे, पांढरं अंडं, पेन्सिल.]

अंडी हलवावीच लागली तर आधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. अंडं घातल्यावर दिवसभरातच गर्भ वरच्या बाजूला आतल्या पापुद्र्याला चिकटतो. नंतर अंडं उलटं झालं की तो मरण्याची भीती असते. खूण वर ठेवून, तीच माती भोवती घालून, अंडी नव्या खड्ड्यात ठेवायची.

एवढं करूनही एक काम आईशिवाय नीट होत नाही. अंड्यातूनच पिल्लं ओरडू लागतात. ते ऐकून मादी घरटं उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात सोडते. नरानेही पिल्लं वाहून नेल्याची नोंद आहे. घरटं दुसरीकडे गेलं, तर ही हाक कुणाला ऐकू जाणार?

तेव्हा नदीत यंत्रं घालायचीच असतील, तर त्यातल्या त्यात बरा काळ दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा. पूर ओसरलेला, अंडी अजून यायची. दोन-अडीच महिने मिळतात. त्याही दिवसांत थंडीची वेळ मगरी काठातल्या बिळांत काढतात. म्हणून खणण्याआधी बिळं शोधून, खुणा करून, तेवढा काठ सोडून द्यावा लागेल.