खोकला आईचा, गोळी बाळालाही

श्रोतेहो, नमस्कार.

घरात आईला किंवा वडिलांना टीबी निघाला की पहिला घोर लागतो तो लेकराचा. आणि त्या घोरात घरोघरी काय होतं? ताट-वाटी वेगळी होते, तांब्या वेगळा होतो, बाळाचं अंगावरचं दूध तोडलं जातं आणि दोन दिवसांत पोर आजोळी रवाना. कधी कधी तर सूनच माहेरी रवाना. एवढं सगळं होतं, पण ज्या खोलीत ती माउली दोन-तीन महिने खोकत होती, त्या खोलीची खिडकी बंद ती बंदच. थंडी वाजते, डास येतात, मांजर शिरतं.

टीबी ताटावरून होत नाही, कपड्यावरून होत नाही, हात लावल्यानं होत नाही. तो हवेतून येतो. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला, शिंकला, अगदी मोठ्यानं बोलला तरी बारीक तुषार उडतात. त्यातले काही इतके हलके असतात की कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. उघड्या खिडकीतून ते निघून जातात, उन्हात जंतू मरतो. मानेतल्या गाठीचा किंवा हाडाचा टीबी असेल, तर तो सहसा शेजारच्याला होत नाही.

मग पोराला लांब पाठवायचं की नाही? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात फार पूर्वी शोधलं गेलंय. पूर्वी टीबी म्हणजे सॅनेटोरियम, म्हणजे टीबीच्या रुग्णांना महिनोन्‌महिने घरापासून वेगळं ठेवायचं रुग्णालय, हे ठरलेलं. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडी, मुंबईत शिवडी, पुण्यात औंध ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. 1956 साली मद्रासमध्ये एक संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांनी गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले रुग्ण घेतले. काहींना वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच राहू देऊन तीच औषधं दिली. घरी राहिलेल्या रुग्णांना धड पुरेसं खायलाही नव्हतं. तरी औषधांचा गुण दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आला. आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढची आहे. या रुग्णांच्या घरातली माणसं, पोराबाळांसकट, पाच वर्षं तपासत राहिले. रुग्ण घरी राहिला म्हणून तिथल्या लोकांना टीबी जास्त झाला, असं काही दिसलं नाही.

याचं कारण सरळ आहे. औषध नीट लागू पडलं की बहुतेकांचा संसर्ग पसरवण्याचा जोर दोन-तीन आठवड्यांतच ओसरतो. लेकराला खरा धोका असतो तो निदानाच्या आधी, जेव्हा आपण खोकला अंगावर काढत असतो. मेडिकलमधून लाल औषधाची बाटली आणायची, आठवडाभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. ते लेकरू त्या वेळी कुशीतच झोपलेलं असतं. म्हणजे निदानानंतर त्याला आजोळी धाडलं, तर जंतू आधीच त्याच्या छातीत बसलेला असू शकतो, आणि वर ते आरोग्य केंद्राच्या नजरेआड गेलेलं असतं. माझ्या मते पोर लांब पाठवण्यातला सगळ्यात मोठा तोटा हाच.

पाच वर्षांखालच्या मुलाला तर लगेच दवाखान्यात दाखवायला हवं. एवढी घाई का? मोठ्या माणसाच्या शरीरात हा जंतू वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. लहान मुलाची ताकद तेवढी नसते, म्हणून आजार लवकर उसळतो, कधी थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. जन्मल्यावर दिलेली बीसीजीची लस अशा भयंकर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, पण लस टोचलीय म्हणून मुलाला टीबी होणारच नाही असं नाही.

तेव्हा आई-बापाचं निदान झालं की त्याच आठवड्यात लेकराला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. आशाताईला सांगा, ती सोबत येईल. डॉक्टर विचारतील, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? ताप येतोय का? खेळायचं कमी झालंय का? मानेला गाठी आहेत का? आणि अंगणवाडीतलं वजनाचं कार्ड मागतील. ते विसरू नका. मूल जेवतंय, पण दोन-तीन महिने कार्डावरची रेघ वर चढायला तयार नाही, हीसुद्धा खूणच असते. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळून टाकतात. म्हणून कधी सकाळी उपाशीपोटी बारीक नळीनं पोटातलं पाणी काढून तपासतात. आई घाबरते, पण थोड्या वेळाचं काम असतं. ही तपासणी बऱ्याच ठिकाणी ज्या ट्रूनॅट नावाच्या यंत्रावर होते, ते आपल्या गोव्यातल्या कंपनीचं आहे, हे जाता जाता सांगते.

टीबी निघाला तर पूर्ण उपचार. नाही निघाला, तर टीबी होऊ नये म्हणून गोळी, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लहानग्यांना बहुधा आयसोनियाझिड रोज, सहा महिने. दोन वर्षांवरच्या मुलांना काही ठिकाणी आठवड्यातून एकदा, एकूण 12 वेळा घ्यायचं औषधही देतात. किती द्यायची ते वजनावर ठरतं, म्हणून शेजारच्या पोराची गोळी आपल्याला चालत नाही. आईचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा असेल, तर मुलाचं औषधही वेगळं ठरतं. ते डॉक्टरच सांगतील.

गोळी द्यायची कशी? चमच्यात थोडं पाणी घ्यायचं, गोळी विरघळू द्यायची, नाही विरघळली तर दुसऱ्या चमच्यानं दाबून चुरायची. बाळाला मांडीवर बसतं धरायचं, आडवं नाही. चमचा गालाच्या आतल्या बाजूला लावून थोडं थोडं सोडायचं. नाक दाबून ओतू नका, ठसका लागतो. पोर उलट्या करतंय, डोळे पिवळे दिसतायत, असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळ्या सुटतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. ‘खेळतंय की चांगलं, मग औषध कशाला?’ असं आजी म्हणते. आजीबाई, ते खेळत राहावं म्हणूनच गोळी आहे.

अंगावर पाजणाऱ्या आयांनो, दूध तोडू नका. टीबीचा जंतू दुधातून जात नाही. पाजताना नाकातोंडावर मास्क बांधा, दार-खिडकी उघडी ठेवा. पहिले काही आठवडे बाळाला शक्यतो दुसऱ्या कुणाच्या कुशीत झोपवा. घर एकाच खोलीचं असेल तर आजारी माणसानं ओसरीवर, पडवीत झोपावं. आणि ज्याच्या कुशीत बाळ देताय त्या आजोबांनाही जुना खोकला नाही ना, ते आधी बघा. त्यांचीही थुंकी तपासून घ्या.

रुग्णाला पोषण आहारासाठी सरकारकडून दरमहा 1000 रुपयांप्रमाणे पैसे बँकेत जमा होतात. आधी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून वाढलेत. खात्याचा नंबर दिला नसेल तर देऊन टाका.

आता दिवाळी तोंडावर आली. बीड, नगरकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतील, आणि कोपीवर आईबरोबर पोरंही जातील. ज्यांच्या घरात उपचार चालू आहेत त्यांनी निघण्याआधी केंद्रात सांगून जा. उचल घेतली, बैलगाडी भरली आणि गोळ्या घरी राहिल्या, असं नको. तुमची नोंद निक्षय या नावाच्या यंत्रणेत असते. तिचा क्रमांक कागदावर लिहून घेतलात तर कारखान्याजवळच्या दवाखान्यातही तुमची आणि लेकराची गोळी पुढे चालू होते. काही अडलं तर 1800 11 6666 हा फुकट फोन आहे, पुन्हा सांगते, 1800 11 6666. मुकादमालाही तो नंबर देऊन ठेवा.

नमस्कार.