खणण्याआधीचा हिशोब

पोकलेनचं बकेट जमिनीत घुसतं. वर हातभर तपकिरी माती, खाली काळपट, तेलकट थर. ढेकूळ फुटलं की डिझेलचा भपकारा येतो. दूषित जमीन साफ करायची तर ही माती उचलून न्यायलाच हवी, असं कुणालाही वाटेल.

मग उचलण्याचा हिशोब मांडू. माती १०,००० घनमीटर. घट्ट माती घनमीटरला साधारण १.८ टन भरते, म्हणजे १८,००० टन. डंपरमध्ये २० टन धरले तर ९०० फेऱ्या. टाकायची जागा ५० किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ९०,००० किलोमीटर. लिटरला तीन किलोमीटर धरा: ३०,००० लिटर डिझेल. लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ८० टन. यात पोकलेनचं डिझेल धरलेलं नाही. खड्डा बुजवायला भराव लागणार, त्याच्या फेऱ्या निराळ्या. एवढं करूनही विष संपलेलं नाही, फक्त दुसऱ्या खड्ड्यात गेलं.

माती भट्टीत तापवून तेल उडवता येतं. पण इंधन खातं ते तेलापेक्षा पाणी. टनभर मातीत १५ टक्के ओल असली, तर ते १५० लिटर पाणी उडवायलाच शंभरावर युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. उरलेली कोरडी माती ३०० अंशांवर न्यायला साठाच्या आत. म्हणून ढिगावर ताडपत्री हवीच. रात्री झाकायचं राहिलं आणि पाऊस झाला, की दुसऱ्या दिवशी भट्टी आणखी जास्त वेळ पाणीच उकळत बसते. शिवाय भट्टीतून निघालेल्या मातीत गांडूळ नाही, बुरशी नाही. तिथं काही उगवायचं तर सेंद्रिय खत घालून तिला नव्यानं जीव द्यावा लागतो.

भूजल उपसून गाळणं वरवर सौम्य वाटतं. पण ५ किलोवॅटचा पंप अखंड चालला तर वर्षाला ४३,८०० युनिट वीज. सुरुवातीला प्रदूषण झपाट्यानं घटतं, मग आलेख आडवा होतो, कारण चिकणमातीत मुरलेलं रसायन थेंबाथेंबानं बाहेर येत राहतं. आलेख आडवा झाल्यावरही वर्षानुवर्षं पंप चालू ठेवणं, ही आम्हाला या कामातली सर्वांत मोठी उधळपट्टी वाटते. तिथं उपाय बदलायला हवा.

डिझेल जिवाणू जागेवरच खातात. त्यांना हवा, नत्र आणि स्फुरद पुरवावं लागतं. धातूवरचं तेल-ग्रीस धुवायला वापरतात त्या ट्रायक्लोरोइथिलीनचं तसं नाही. त्याचं विघटन अर्ध्यावर अडकलं तर व्हिनाइल क्लोराइड साचतं, आणि ते माणसात कर्करोग घडवतं. म्हणून मूळ रसायन घटलं एवढं पाहून काम थांबवायचं नाही. मधली रसायनंही मोजायची. शिसं तर कुणीच खात नाही. ते झाकायचं, मातीतच जखडायचं किंवा काढायचं.

आयएसओ १८५०४ हे २०१७चं आंतरराष्ट्रीय मानक सफाईच्या उपायांची अशी तुलना करण्यासाठीच आहे. आमचा क्रम साधा: माणसाच्या आरोग्याची मर्यादा आधी ठरवायची, तिथं तडजोड नाही. ती गाठणाऱ्या उपायांतच इंधन, पाणी आणि माती यांची तुलना करायची.

आणि नमुन्यांवर हात आखडायचा नाही. नमुन्यासाठी पाडलेलं एक बोअर दूषित, २० मीटरवरचं दुसरं स्वच्छ, तर मधली सगळी माती दूषित धरून खणली जाते. मध्यावर बोअरची आणखी एक रांग घेतली आणि ती स्वच्छ निघाली, तर १० मीटर रुंद, ५० मीटर लांब, ३ मीटर खोल पट्टा वाचतो. १,५०० घनमीटर. १३५ फेऱ्या.