डी-ओ-ई लिहिणारा जुळारी

[दृश्य : मुंबईतला खिळ्यांचा छापखाना. लाकडी केस, तिचे खण. जुळाऱ्याचे हात.]

खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरं. ती जुळवून ओळी बनवतो तो जुळारी. ही इंग्रजी खिळ्यांची केस, म्हणजे खणांची पेटी. यात ‘ई’चा खण सगळ्यांत मोठा, कारण इंग्रजीत सगळ्यांत जास्त लागतो तो ‘ई’. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी. उजवा हात खणांमधून फिरतो आणि एकेक खिळा आणून स्टिकमध्ये उलटा उभा करतो. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती बोटाला लागली, की अक्षराची बाजू न बघताही कळते.

[दृश्य : स्टिक जवळून. ओळ भरत येते. हात थांबतो.]

आता इथे बघा. ओळ संपत आली, पण थोडी जागा उरली. ओळीचं माप ठरलेलं असतं आणि ओळ सैल राहिली तर छापताना खिळे निसटतात. मग शब्दाशब्दांत बारीक स्पेस, म्हणजे कोरे तुकडे, भरायच्या, दाबून बघायचं, पुन्हा भरायच्या.

चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या जुळाऱ्याला आणखी एक वाट मोकळी होती. तो स्पेलिंग बदलू शकत होता. ‘ही’ लिहायला एच-ई चालायचं, एच-ई-ई सुद्धा चालायचं. ओळीत जागा असेल तर दोन ‘ई’, नसेल तर एक. वाचणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे.

[दृश्य : १६०४ च्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. दोन शब्दांवर क्रमाने प्रकाश.]

रॉबर्ट कॉड्रे यांचा १६०४ सालचा हा कोश. फक्त इंग्रजीचा असा पहिला छापील शब्दकोश म्हणून हाच ओळखला जातो. याची एकच प्रत उरली आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. शब्दांचं ‘खरं लेखन’ शिकवू, असं मुखपृष्ठावर छापलंय. आणि त्याच मुखपृष्ठावर ‘वर्ड्‌स’ हा शब्द वर डी-ई-एस असा आहे, खाली नुसता डी-एस. यातलं कुठलंच चूक नाही. आजच्या शाळेत यातल्या एकावर लाल रेघ आली असती, म्हणून हे पान नीट पाहून घ्या.

[दृश्य : १६२३ चा फोलिओ. पानं उलटतात. दोन स्तंभ.]

विल्यम शेक्सपिअरच्या ३६ नाटकांचा हा एकत्रित ग्रंथ, १६२३ सालचा. याला फोलिओ म्हणतात. छापला लंडनमध्ये, जॅगर्ड यांच्या छापखान्यात. नऊशेच्या आसपास पानं. सगळी हातांनी जुळवलेली.

[दृश्य : ‘मॅकबेथ’ची पानं. ‘डू’, ‘गो’, ‘हिअर’ हे शब्द उजळतात.]

‘मॅकबेथ’. सुरुवातीच्या पानांवर ‘डू’ हा शब्द डी-ओ-ई असा दिसतो. ‘गो’ म्हणजे जी-ओ-ई. ‘हिअर’ मात्र एकाच ‘ई’चा. पुढे जात राहा. नाटक निम्म्यावर येतं आणि सवय पालटते. डी-ओ. जी-ओ. शेवटचा ‘ई’ गळाला. आणि ‘हिअर’मध्ये आता दोन ‘ई’ आले.

नाटककार तोच, छापखाना तोच. बदलला होता हात. थॉमस सॅचेल या अभ्यासकांनी १९२० साली हे दाखवून दिलं. या दोन जुळाऱ्यांना पुढे नावं पडली ‘ए’ आणि ‘बी’.

इथे एक मेख होती. ठासून भरलेल्या ओळीवर विश्वास ठेवता येत नाही, तिथलं स्पेलिंग जागेपायी बदललेलं असू शकतं. पण कवितेची ओळ आखूड असते, तिच्यापुढे जागा मोकळी पडलेली असते. तिथे जुळाऱ्याला कुणी अडवत नाही. तिथे येते ती त्याच्या हाताची सवय. म्हणून अभ्यासक अशा मोकळ्या ओळींना जास्त मोल देतात.

[दृश्य : हिन्मन यांचं यंत्र. दोन दिवे आळीपाळीने लागतात. पानावरचं एक अक्षर थरथरतं.]

हे यंत्र अभ्यासक चार्ल्‌टन हिन्मन यांनी बनवलं. एकाच पानाच्या दोन प्रती दोन बाजूंना ठेवायच्या. आरशांमुळे त्या डोळ्याला एकावर एक दिसतात. दिवे आळीपाळीने लागतात. जे सारखं आहे ते स्थिर राहतं, जे वेगळं आहे ते असं लुकलुकतं. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात फोलिओच्या ८२ प्रती आहेत. त्यांतल्या पन्नासहून अधिक प्रती त्यांनी पानापानाने ताडून पाहिल्या. तुटका, चेपलेला एकेक खिळा ओळखून तो पुढे कुठल्या पानावर पुन्हा आला, याचा माग काढला. त्यावरून कुठलं पान कुठल्या केसवर जुळवलं ते कळलं. त्याला स्पेलिंगच्या सवयीची जोड दिली. १९६३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा छापखान्यात पाच माणसं उभी राहिली होती. ए, बी, सी, डी, ई.

यातला ‘ई’ नावाचा जुळारी बहुधा शिकाऊ होता. तपासून दुरुस्त केलेली जागा सापडते ती बहुतेक वेळा त्याच्या पानांवर.

पुढच्या अभ्यासकांनी आणखी काही हात वेगळे काढले. मला वाटतं, या माणसांकडे पोहोचायला दुसरी वाट नव्हतीच. मजुरीच्या नोंदी कितीही चाळल्या असत्या, तरी अमुक ओळ अमुक माणसाने जुळवली हे त्यातून कळलं नसतं. ते सांगितलं शब्दाच्या शेवटच्या एका ‘ई’ अक्षराने. सगळ्यांचं स्पेलिंग एकसारखं असतं, तर हे सगळे पुसले गेले असते.

[दृश्य : सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश. मग वर्गातला फळा, मुलांच्या वह्या.]

पुढे छापखान्यांनी आणि कोशांनी एकेक रूप पक्कं केलं. १७५५ सालच्या जॉन्सन यांच्या कोशात ‘म्युझिक’च्या शेवटी अजून ‘के’ होता, नंतर तोही गेला. बाकीची रूपं चुकीची ठरली आणि मुलांच्या वाट्याला पाठांतर आलं.

[दृश्य : संगणकाचा पडदा. फोलिओचं पान मोठं होतं.]

बॉडलियनमधल्या फोलिओची प्रत आता इंटरनेटवर कुणालाही मोफत बघता येते. ‘मॅकबेथ’ उघडा. स्तंभात जागा मोकळी सोडणाऱ्या आखूड ओळी शोधा, त्यांतला ‘डू’ बघा, आणि ते पान कुणाच्या हातचं ते तुम्हीच ठरवा.